ते गाणं कुणाचं?

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या कॉलेजच्या समूहगीताला पहिलं बक्षीस मिळालं. ढाल प्राचार्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात आहे, येताजाता दिसते. ते गाणं मी लिहिलं होतं, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. पुढे उभं राहून म्हटलं माझ्या मैत्रिणीनं. तिचा आवाज चांगला आहे, उंची चांगली आहे आणि स्टेजवर गेली की ती घाबरत नाही. मी मागच्या ओळीत, डावीकडून दुसरी. निकाल सांगताना निवेदकानं तिचं एकटीचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्याखाली तिचं नाव आलं. परतीच्या एस.टी.त पोरी तिला म्हणू लागल्या, "अगं, तुझं गाणं पुन्हा म्हण ना!" आणि तिनं म्हटलं. दोनदा म्हटलं. एकदाही मागं वळून 'हे हिचं आहे' असं काही ती बोलली नाही. मी खिडकीबाहेरची फुटलेली पऱ्हाटी बघत बसले.

होस्टेलची आमची खोली एकच. पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. दोघींच्या कॉटमध्ये चार फुटांचं अंतर, आणि तेवढ्यात मावेल तेवढा राग.

आमच्या इंग्रजीच्या सरांच्या कानावर हे गेलं असावं. एकदा तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि मोबाईलवर एक गाणं लावलं. गिटारचा खणखणाट, मागून धप्‌ धप्‌ असा आवाज आणि एक माणूस आपल्या बुटांविषयी काहीतरी तावातावानं सांगतोय. "कुणाचं गाणं?" सरांनी विचारलं. परीक्षेत येत नसलं की आपण ठोकून देतो तसं मी म्हटलं, "एल्व्हिस प्रेस्लीचं." सर हसले. म्हणाले, "सगळे हेच सांगतात. हा एल्व्हिस नव्हे. हा कार्ल पर्किन्स. गाणं त्यानंच लिहिलंय, त्यानंच आधी म्हटलंय. बघ जरा, कोण होता तो."

बघायला लागले ते रागाच्या भरात. मला माझ्यासारखाच एक अन्याय झालेला माणूस हवा होता. तो मिळालाही, पण मला हवा होता तसा नाही.

पर्किन्सचा जन्म ९ एप्रिल १९३२चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात टिप्टनव्हिल या गावाजवळचा. मिसिसिपी नदीकाठचा तो सगळा कापसाचा मुलूख. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर बटईनं राबणारा. घरी दारिद्र्य. सहा वर्षांचा असल्यापासून कार्ल शेतात कापूस वेचायला जाई. सोबत थोरला भाऊ जे आणि धाकटा क्लेटन. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून माझ्या बोटांकडे पाहिलं. कापूस वेचणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. चित्रात तो मऊ, पांढरा, ढगासारखा दिसतो. पण ज्या बोंडातून तो काढायचा त्याची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. नखांच्या कडा फाटतात. दिवसभर काही वाटत नाही. रात्री भाजीत तिखट घालताना कळतं. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते, ती भरत जाते तशी कंबर खाली ओढली जाते. आमच्या यवतमाळकडे हे काम बहुतेक बायाच करतात. माझी आई करते. दिवाळीच्या सुट्टीत मीही करते.

त्या टेनेसीच्या शेतात गोऱ्या बटईदारांच्या शेजारी काळे मजूरही होते आणि ते वेचता वेचता गात असत. देवाची गाणी, दुःखाची गाणी. पोरगा ऐकत राही. शनिवारी रात्री घरच्या रेडिओवर नॅशव्हिलहून 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम लागे, त्यात गोऱ्या खेडुतांचं फिडल-गिटारचं संगीत असे; बिल मन्रो, रॉय एकफ ही त्यातली मोठी नावं. दिवसा एक संगीत, रात्री दुसरं. पुढे रॉकबिली म्हणून जे प्रसिद्ध झालं ते या दोहोंच्या मिसळीतून. गोऱ्या डोंगरी माणसाला हिणवून 'हिलबिली' म्हणत, त्याला 'रॉक' जोडलं की झालं रॉकबिली. शास्त्रीय व्याख्या जाणकारांनी कराव्यात, मला एवढी पुरते.

पोराला गिटार हवी होती. बापाकडे पैसे नव्हते, म्हणून त्यानं सिगारच्या खोक्याला झाडूचा दांडा लावून एक करून दिली. नंतर एक पोचे गेलेली जुनी गिटार थोडक्या पैशांत मिळाली. ती वाजवायची कशी, हे त्याला जॉन वेस्टब्रुक नावाच्या म्हाताऱ्या काळ्या शेतमजुरानं शिकवलं. 'अंकल जॉन' म्हणायचा तो त्यांना. दिवसभराची वेचणी संपली की पोर त्यांच्या ओसरीवर जाऊन बसे. गिटारीला नुसती बोटं लावू नकोस, तिच्या अगदी जवळ जा, म्हणजे ती आत उतरेल, अशा अर्थाचं काहीसं ते सांगत, असं पर्किन्सनं पुढे अनेकदा सांगितलं आहे. तार तुटली की नवी आणायला पैसे नसत. तो तुटक्या तारेला गाठ मारून तीच पुन्हा चढवी. मग त्या गाठीवरून बोट सरकवलं की कापे. म्हणून तो बोट न सरकवता तार तिथल्या तिथंच वाकवून वरचा सूर काढायला शिकला. पुढे जाणकारांनी ज्या वाकलेल्या सुराचं कौतुक केलं तो असा आला. गाठ नसती तर तो सूर आला असता की नाही कोण जाणे.

१९४६च्या अखेरीस, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो आणि जे एका रस्त्याकडेच्या दारूच्या गुत्त्यात दर बुधवारी गाऊ लागले. जॅक्सन गावाच्या दक्षिणेला, ४५ क्रमांकाच्या हायवेवर. गुत्त्याचं नाव 'कॉटन बोल', म्हणजे कापसाचं बोंड! दिवसभर बोंडं आणि रात्रीही बोंडच. तिथं पैसे म्हणजे गिऱ्हाइकांनी दिलेली बक्षिसी. मारामाऱ्या रोजच्या. दारूची सवय त्याला लागली ती तिथेच. पुढे धाकटा क्लेटन आला, तो मोठं उभं बेस वाद्य तळहातानं थापटून वाजवी. सरांच्या मोबाईलवर ऐकलेलं ते धप्‌ धप्‌ क्लेटनचं. १९५३मध्ये कार्लचं वाल्डा नावाच्या मुलीशी लग्न झालं. काही काळ त्यानं बेकरीत नोकरी केली. रात्री गाणं चालूच.

१९५४च्या उन्हाळ्यानंतर रेडिओवर एक नवा पोरगा ऐकू यायला लागला. बिल मन्रोचं संथ गाणं तो जोरात, उड्या मारत म्हणत होता. वाल्डाच्या लक्षात आलं की हे तर आपल्या घरच्यासारखंच आहे. तो पोरगा म्हणजे एल्व्हिस प्रेस्ली. ज्या कंपनीनं त्याची तबकडी काढली ती मेम्फिसमधली 'सन'. युनियन अव्हेन्यूवरची एका खोलीची जागा आणि सॅम फिलिप्स नावाचा मालक. तिघं भाऊ आणि ढोलवाला डब्ल्यू. एस. हॉलंड मेम्फिसला गेले. फिलिप्सनं गाणं ऐकलं आणि त्यांना ठेवून घेतलं. पहिल्या तबकड्या फारशा चालल्या नाहीत. मग नोव्हेंबर १९५५मध्ये फिलिप्सनं एल्व्हिसचा करार आर.सी.ए. या बड्या कंपनीला पस्तीस हजार डॉलरना विकला, आणि त्याचं सगळं लक्ष पर्किन्सकडे वळलं.

आता ते बुटांचं गाणं. नाव 'ब्लू स्वेड शूज'. स्वेड म्हणजे सांबराच्या कातड्यासारखं मऊ, केसाळ कातडं. पायाखाली आलं की लगेच खराब होणारं. हे गाणं सुचलं कसं याच्या दोन हकीकती आहेत आणि दोन्ही खऱ्या असाव्यात. एक जॉनी कॅशची. हा पर्किन्सचा जवळचा मित्र, तोही कापूस वेचूनच मोठा झालेला, 'सन'मध्येच गाणारा. कॅश जर्मनीत हवाई दलात होता, तेव्हा त्याच्या तुकडीत सी. व्ही. व्हाइट नावाचा एक काळा सैनिक होता. बाहेर निघताना तो आपल्या बुटांना निळे स्वेडचे बूट म्हणे आणि त्यांवर पाय देऊ नका म्हणून इतरांना बजावी. कॅशनं कार्लला सुचवलं की यावर गाणं कर. दुसरी हकीकत एका नाचाच्या रात्रीची. कार्ल गात होता, समोर एक जोडपं नाचत होतं. मुलगी देखणी. आणि तो मुलगा तिला दटावत होता की माझ्या बुटांवर पाय देऊ नको. एवढी सुंदर पोरगी समोर असताना याला चिंता बुटांची! ते कार्लच्या डोक्यातून जाईना. पहाटे तीनला उठून त्यानं गाणं लिहिलं. घरात कागद नव्हता म्हणून बटाट्याच्या कागदी पिशवीवर लिहिलं, आणि स्वेडचं स्पेलिंगही चुकवलं.

मला वाटतं, ज्यानं लहानपण मातीत काढलं त्यालाच बुटांचं हे वेड कळावं. ज्याच्याजवळ जपण्यासारखी दुसरी वस्तूच नाही, तो बूट जपतो. आमच्या वस्तीत एक मुलगा पांढरे बूट घालून बैलगाडीतून उतरतो तेव्हा आधी खाली चिखल बघतो, मगच पाय ठेवतो. आम्ही हसतो खरं.

१९ डिसेंबर १९५५ला गाणं मुद्रित झालं, १ जानेवारी १९५६ला बाजारात आलं. काही महिन्यांत त्याच्या दहा लाखांवर तबकड्या खपल्या. 'सन' कंपनीला असं भाग्य पहिल्यांदाच लाभलं. अमेरिकेत तेव्हा गाण्यांच्या खपाच्या याद्या वेगवेगळ्या असत. शहरी गोऱ्यांची एक, खेडुतांची एक, काळ्यांची एक. हे गाणं तिन्ही याद्यांत एकाच वेळी वर चढलं. माणसं ज्या देशात वेगळ्या नळावर पाणी पीत होती तिथं ही गोष्ट लहान नव्हे.

मग न्यूयॉर्कहून बोलावणं आलं. पेरी कोमोच्या टेलिव्हिजन कार्यक्रमात गायचं, सारा देश बघणार. २१ मार्चला व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथला कार्यक्रम संपवून मंडळी मोटारीनं निघाली. २२ मार्च १९५६, पहाट, डेलावेअर राज्यातलं डोव्हर गाव जवळ आलेलं. गाडी चालवणाऱ्याला डुलकी लागली. समोरच्या ट्रकवर गाडी आदळली आणि खाली पाण्यात गेली. ट्रकमधला शेतकरी मरण पावला. कार्ल पाण्यात पालथा पडला होता; हॉलंडनं त्याला ओढून काढलं म्हणून वाचला. मानेचे मणके मोडलेले, गळ्याजवळचं हाड मोडलेलं, डोक्याला मार. जेची मान मोडली होती.

कार्ल अंथरुणावर असताना, ३ एप्रिलला, एल्व्हिस टेलिव्हिजनवर मिल्टन बर्लच्या कार्यक्रमात आला आणि त्यानं गाणं म्हटलं, 'ब्लू स्वेड शूज'.

इथं येऊन मी थांबले. माझा माणूस सापडला होता. मैत्रिणीच्या कॉटकडे बघून मनात म्हटलं, बघ! पण गोष्ट इथं संपत नव्हती, आणि पुढचं वाचताना माझ्या रागाची हवाच गेली. एक तर, एल्व्हिसनं हे गाणं अपघाताआधीच, ३० जानेवारीला मुद्रित केलं होतं, आणि टेलिव्हिजनवरही आधी म्हटलं होतं. सुट्या तबकडीच्या रूपात मात्र ते बरंच उशिरा आलं आणि अमेरिकेतल्या याद्यांत पर्किन्सच्या मूळ गाण्याइतकं वर कधीच गेलं नाही. दुसरं म्हणजे, खुद्द पर्किन्सला एल्व्हिसचा राग नव्हता. त्याचं म्हणणं असे की एल्व्हिसला रूप होतं, कल्ले होते, झगमगीत कपडे होते आणि बोटात लग्नाची अंगठी नव्हती. मी पोराबाळांचा बाप. अपघात झाला नसता तरी एल्व्हिस एल्व्हिसच झाला असता, हे त्याला कळत होतं. त्याच वर्षी ४ डिसेंबरला पर्किन्सचं मुद्रण चालू असताना एल्व्हिस सहज म्हणून 'सन'मध्ये डोकावला. पियानोवर जेरी ली लुईस होता, कॅशही आलेला. सगळे पियानोभोवती जमले आणि त्या दुपारी त्यांनी बरीचशी गायली ती देवळातली, लहानपणची गाणी. ते मुद्रण आज कुणालाही ऐकता येतं. त्यात मत्सर शोधला तर सापडत नाही. मी शोधला.

याचा अर्थ तो सुखी होता असं नव्हे. एवढं मोठं यश त्याला पुन्हा मिळालं नाही. १९५८मध्ये तो मोठ्या कोलंबिया कंपनीत गेला. त्याच वर्षी जे मेंदूतल्या गाठीनं गेला, आणि कार्ल दारूत बुडाला. पुढे क्लेटननं १९७३मध्ये आत्महत्या केली. ज्या तिघांनी त्या गुत्त्यात बक्षिसीवर गायला सुरुवात केली त्यांतला एकटा उरला. त्याला सावरलं ते बहुतांशी कॅशच्या मैत्रीनं; दोघंही व्यसनी, आणि एकमेकांना धरून उभे राहिलेले. १९६८मध्ये कॅशच्या दौऱ्यात कॅलिफोर्नियात असताना त्यानं दारूची बाटली समुद्रात फेकली. जवळजवळ दहा वर्षं तो कॅशच्या मागे गिटार वाजवत उभा राहिला. मागच्या ओळीत. त्या काळात त्यानं 'डॅडी सँग बास' लिहिलं. गाजलं ते कॅशच्या आवाजात.

आणि तिकडे समुद्रापार एक निराळीच गंमत झाली होती. लिव्हरपूलची चार पोरं त्याच्या तबकड्या झिजवून झिजवून शिकली होती. त्यांतल्या जॉर्ज हॅरिसननं १९६०च्या एका दौऱ्यात पर्किन्सच्या नावावरून स्वतःचं नावच 'कार्ल हॅरिसन' करून घेतलं होतं. १९६४मध्ये पर्किन्स इंग्लंडला गेला तेव्हा ही पोरं बीटल्स म्हणून जगप्रसिद्ध होती. त्या वर्षी त्यांनी त्याची तीन गाणी मुद्रित केली. 'मॅचबॉक्स'चं मुद्रण चाललं होतं तेव्हा तो त्या खोलीत हजर होता. अशा वेळी माणसाच्या चेहऱ्यावर काय असतं ते बघायला मला आवडलं असतं.

या 'मॅचबॉक्स'नं मात्र माझी झोप उडवली. तबकडीवर लिहिणारा म्हणून नाव पर्किन्सचं. पण टेक्सासच्या ब्लाइंड लेमन जेफरसन या आंधळ्या काळ्या गायकानं १९२७मध्येच अशा नावाचं, काही तशाच ओळींचं गाणं मुद्रित केलं होतं. पर्किन्स सांगे की आपण ते ऐकलं नव्हतं. आपल्या बापाला दोनचार ओळी येत होत्या, त्यांवरून आपण रचलं. खोटं नसेलही. ओळी अशाच येतात, बापाच्या तोंडून, शेतातून. पण आंधळ्या लेमनचं नाव त्या तबकडीवर नाही. आणि तार वाकवायला शिकणाऱ्या पोराला ओसरीवर बसवून घेणाऱ्या त्या अंकल जॉनचं नाव तर कुठल्याच तबकडीवर नाही. निदान पर्किन्स ते मुलाखतीत घेत राहिला, म्हणून मला कळलं तरी.

मला कळलं, आणि मला माझं गाणं आठवलं.

शब्द माझे होते, शपथेवर सांगते. चाल माझी नव्हती. आमच्या गावात एक म्हातारी आहे, आम्ही सगळ्या तिला बुढीमाय म्हणतो. वेचणीला ती नेहमी आईच्या शेजारची ओळ धरते आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणत असते. ती चाल मी लहानपणापासून ऐकलेली. गाणं लिहिताना ती आपोआप आली, आणि सरांनी "चाल कुणाची?" असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "माझीच." एका क्षणात म्हटलं. अर्जावर तसं लिहूनही दिलं. एस.टी.त मला ज्या गोष्टीचा राग आला होता ती मी त्याआधी महिनाभर करून चुकले होते; आणि माझी मैत्रीण निदान माझ्यासमोर तरी गात होती.

हे मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मला वाटायचं, तुला स्टेजवर पुढं यायचं नव्हतं म्हणून तू मागं राहिलीस." तेही काही अंशी खरं होतं.

पर्किन्स १९ जानेवारी १९९८ला जॅक्सन गावीच गेला, पासष्टाव्या वर्षी. त्याआधी काही वर्षं त्यानं घशाच्या कर्करोगाशी झुंज दिली होती. छळ सोसणाऱ्या मुलांसाठी त्यानं उभं केलेलं केंद्र १९८१पासून त्याच गावात आहे, त्याच्याच नावानं. अंत्ययात्रेला नाव बदलून घेणारा तो जॉर्ज हॅरिसन आला होता. त्यानं गिटार घेऊन पर्किन्सचंच एक गाणं म्हटलं.

या दिवाळीत घरी गेले तेव्हा पहिल्याच दिवशी बुढीमायच्या शेजारची ओळ धरली. तासभर धीर होईना. मग सगळं सांगून टाकलं. स्पर्धा, ढाल, अर्ज, सगळं. तिनं वेचता वेचता ऐकलं.

"माहं कुठचं वं ते," ती म्हणाली. "माही आजी म्हणे. तिनं कोठून आणलं ते तिले ठाव." मग म्हणाली, "म्हणून दाखव बरं तुहं."

मी सरळ उभी राहून म्हटलं, स्पर्धेत म्हटलं तसं. तिसऱ्या ओळीला तिनं हात वर करून थांबवलं.

"उभ्यानं नको म्हणू. हे वाकून म्हणाचं हाय. झोळीत हात जाते तिथं दम तुटते, तिथंच थांबाचं."

मी वाकले. ती एक ओळ म्हणे, तिच्यामागून मी म्हणे. दम कुठं तुटतो ते मला संध्याकाळपर्यंत नीट साधलं नाही, आणि काट्यावर माझा कापूस रोजच्यापेक्षा तीन किलो कमी भरला.